वहिनींचं रंगीत जीपीएस

निवडणं हा माझा रोजचा छळ आहे. माझं पडद्यांचं दुकान आहे, आणि दिवसभर माझ्यासमोर माणसं दोन जवळजवळ सारख्या निळ्या कापडांपुढे उभी राहून जन्माचा निर्णय घेत असल्यासारखे उसासे टाकत असतात. त्यामुळे मी स्वतः काही घ्यायला गेले की दारातून आत, बोट दाखवलं, पैसे दिले, बाहेर. चपला अशाच घेते, फ्रिज असाच घेतला, आणि नवऱ्याचं म्हणणं आहे की त्यालाही मी असाच घेतला. माझ्या मोठ्या जाऊबाई मला 'तुफान' म्हणतात ते यामुळेच. मग जीपीएस निवडायला त्यांनी बरोबर न्यायला मलाच का निवडावं, हे मला दुकानाच्या दारापर्यंत कळलं नव्हतं.

जाऊबाईंना मी, नवरा म्हणतो म्हणून, वहिनीच म्हणते. वहिनी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या. सर्जननं हात पुढे करायचा आणि तोंड उघडायच्या आत हवी ती कात्री त्या हातात पडलेली असायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी विणकाम करावं, झाडांना पाणी घालावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. दोन्ही त्यांनी करून पाहिलं आणि सोडून दिलं. मग त्यांना डब्यांचा नाद लागला.

हा नाद असा, की जगभर कोण कोण माणसं हवाबंद डबे लपवून ठेवतात. कुणी झाडाच्या ढोलीत, कुणी पुलाखाली, कुणी डोंगरावरच्या दगडामागे. डब्याची जागा आकड्यांत, म्हणजे अक्षांश-रेखांशात, इंटरनेटवर टाकतात. आपण ते आकडे जीपीएसमध्ये घालायचे, बाण दाखवेल तसं चालायचं आणि डबा शोधून काढायचा. आत एक कागद असतो, त्यावर सही करायची. डब्यातली एखादी बारीकशी वस्तू आवडली तर घ्यायची, पण तिच्या जागी आपली एक ठेवायची, आणि डबा होता तसा लपवून घरी यायचं. बस्स. यात मिळतं काय, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "पडद्याच्या मागे काय मिळतं? खिडकी. मग पडदा कशाला लावतेस?" मला अजून या उत्तराचा अर्थ लागलेला नाही.

त्यांच्याकडे एक जुनं यंत्र होतं, राखाडी पडद्याचं. त्यात पायवाट म्हणजे राखाडी रेघ आणि ओढा म्हणजेही राखाडी रेघ. एका संध्याकाळी त्या पायवाट समजून ओढ्याच्या रेघेमागे गेल्या. घरी आल्या तेव्हा अंधार पडून गेला होता, गुडघ्यापर्यंत चिखल होता, आणि दारात त्यांचा मुलगा उभा होता. त्यानं तोवर गावातल्या सगळ्या दवाखान्यांना फोन लावले होते.

या माझ्या पुतण्याबद्दल सांगायला हवं. तो विमा कंपनीत आहे, अपघातांचे दावे तपासतो. कामच असं, की जिना दिसला की त्याला पडलेला माणूस दिसतो आणि गॅस दिसला की जळालेलं घर. पाण्याचं तर विचारूच नका. लहानपणी एकदा तलावाच्या काठावरून घसरला होता, तेव्हापासून बादलीकडेही संशयानं बघतो. मनाचा फार चांगला, आईवर जीव टाकणारा, आणि त्या जिवाच्या ओझ्यानं समोरच्याला गुदमरवणारा. त्या संध्याकाळी त्यानं खुंटीवरून आईच्या छोट्या गाडीची किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"आई, आता एकटीनं जायचं नाही."

"मग बरोबर कोण येणार?"

"येईल कुणीतरी."

"त्या कुणीतरीचे गुडघे चांगले आहेत का ते विचारून घे," वहिनी म्हणाल्या आणि पाय धुवायला गेल्या.

मायलेकांचं आठवडाभर धुमसत राहिलं. गाडी दारात आणि किल्ली मुलाच्या खिशात. वहिनी खिडकीतून गाडीकडे बघायच्या ते मला बघवत नव्हतं. थिएटरमध्ये रक्त बघून न हललेली बाई, पण त्या खिडकीशी उभी राहिली की एकदम म्हातारी दिसायची. शेवटी तह झाला. वहिनींनी रंगीत पडद्याचं चांगलं यंत्र घ्यायचं. मग मुलगा स्वतः एक डबा लपवणार, वहिनींनी तो एकटीनं शोधायचा. सापडला तर पुन्हा पूर्वीसारखं. नाही सापडला तर हा नाद बंद, कायमचा.

"चालेल," वहिनी म्हणाल्या. शब्दाला पक्की बाई. नाही सापडला तर पुन्हा कधी त्या विषयाचं नावसुद्धा काढणार नाही, हे मला माहीत होतं.

पुतण्यानं जाता जाता एक अट आणखी घातली. "आणि गाडीतसुद्धा चालेल असं घे. नुसते डबे शोधायला कुणी एवढं महागाचं घेतं का?"

तर अशा रीतीनं आम्ही दुकानात.

दुकान होतं डोंगर चढणाऱ्यांच्या आणि होड्या चालवणाऱ्यांच्या सामानाचं. दोर, कंदील, तंबू. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून हिंडणारा, जाडा आणि हसरा माणूस. त्यानं काचेच्या कपाटातून चार यंत्रं काढून मांडली. एक तर एवढं सुंदर होतं, की मी लगेच बोट दाखवलं. मोठा पडदा, बोट फिरवलं की नकाशा सरकतो, रंग असे की डोळे निवावेत.

"हे घ्या. चला," मी म्हणाले.

वहिनींनी पर्समधून रबरी हातमोजे काढले. दवाखान्यातले. ते हातात चढवले, दुकानदाराकडे पाण्याचा ग्लास मागितला, मोज्यांवर पाणी ओतलं आणि त्या सुंदर पडद्यावर बोट फिरवलं. नकाशा हलला नाही. मग एकदम नको तिकडे पळाला. मग भलतंच काहीतरी उघडलं.

"बाई," दुकानदार जरा दुखावून म्हणाला, "ओले मोजे घालून कोण वापरणार?"

"मी. पाऊस थांबायची वाट डबा बघतो की काय?"

ते बाजूला गेलं. उरली तीन. वहिनींनी ती एकेक करून तळहातावर घेतली, मूठ मिटली, उघडली, आणि हात पाठीमागे नेला. मग मला म्हणाल्या, "मला सांग, काय करू? आवाज दे."

"म्हणजे?"

"म्हणजे 'नकाशा' म्हण, 'बाण' म्हण, 'जवळ आण' म्हण. मी न बघता बटण दाबते. तू बघ बरोबर होतंय का."

त्यांच्या मागे जाऊन मी ओरडायला लागले आणि त्या पाठीमागच्या हातानं बटणं दाबायला लागल्या. एका यंत्राची बटणं इतकी बारीक, की त्यांचा अंगठा तीन बटणांवर एकदम बसायचा. ते गेलं. बाकीच्या दोन्हींवर मात्र अंगठा हां हां म्हणता रुळला. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं दोर घ्यायचं सोडून आमच्याकडे बघत उभी राहिली. दुकानदारानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"हत्यार हातात असं बसलं पाहिजे, की डोळे दुसरीकडे राहतील," वहिनी म्हणाल्या. "रानात डोळे पायांकडे लागतात. पडद्याकडे बघत चालणारी माणसं मी थिएटरमध्ये पुष्कळ बघितलीत. टेबलावर."

मला वाटलं आता संपलं. कुठलं काय. दोन्ही यंत्रं घेऊन त्या दुकानाबाहेर फुटपाथवर गेल्या. दुकानदार मागोमाग, त्याच्या मागे मी. उन्हात त्यांनी दोन्ही पडदे शेजारी शेजारी धरले. दुकानातल्या दिव्याखाली भारी चकाकणारं एक यंत्र उन्हात पार निस्तेज झालं. दुसरं उन्हात उलट आणखी स्वच्छ दिसायला लागलं. रस्ते पिवळे, पाणी निळं, झाडी हिरवी. वहिनींनी चष्मा काढला आणि बिनचष्म्याचं बघितलं. रेघा पुसट, पण रंग रंगच.

मग आली माझी पाळी. दुकानासमोर गटाराचं एक लोखंडी झाकण होतं. वहिनींनी मला त्यावर उभं केलं, यंत्रात त्या जागेची खूण केली आणि यंत्र माझ्या हातात दिलं. "जा. उंच इमारतींमधून फिरून ये, झाडांखालून ये. मग बाण जिथे नेईल तिथे उभी राहा."

"वहिनी, दुकानात माझं गिऱ्हाईक ताटकळत असेल."

"तुला म्हणूनच आणलंय. तुझ्यासारखी घाईत चालणारी माणसं यंत्राला वेळ देत नाहीत. तुझ्या हातात जे टिकेल ते माझ्या हातात टिकेलच."

घ्या. इतक्या वर्षांत माझ्या घाईचा कुणी असा उपयोग केला नव्हता. मी तरातरा निघाले. इमारतींच्या मध्ये बाण थोडा भांबावला, मग सावरला. झाडांखालून परत आले. बाणानं मला नेऊन उभं केलं ते झाकणापासून हातभर अंतरावर. खरं सांगते, मला एवढा आनंद झाला जसं काही ते यंत्र मीच बनवलं होतं.

"आणि याच्यात बॅटरी कसली?" वहिनींनी शेवटचं विचारलं.

"साधे पेन्सिल सेल," दुकानदार जरा ओशाळून म्हणाला. "जुन्या पद्धतीचं आहे हो. त्या मोठ्यात आतलीच असते, चार्ज करायची."

"मग हेच. सेल संपले तर खिशातले घालीन. जे मला उघडता येत नाही त्याच्या भरवशावर मी रानात जात नाही. आणि गाडीत ठेवायचा स्टँड आहे ना याला? तोही द्या. मुलाचं म्हणणं आहे."

दुकानदारानं यंत्र गुंडाळता गुंडाळता विचारलं, "बाई, तुम्ही पुन्हा कधी येणार? म्हणजे मी पुढचा माल तुम्हाला विचारूनच मागवीन." तो थट्टा करत नव्हता. मी वहिनींकडे बघितलं. त्या हातमोजे सुकवून पर्समध्ये घालत होत्या. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की माझ्या दुकानात उसासे टाकणाऱ्या माणसांना मी त्या दिवशी मनातल्या मनात माफ करून टाकलं.

परीक्षेच्या सकाळी पुतण्यानं आम्हाला आपल्या गाडीत घातलं. गावाबाहेर एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. खाणीत पाणी साठून तळं झालंय आणि त्याच्या पलीकडे झाडीची टेकडी. खाणीच्या फाटकाशी त्यानं वहिनींना उतरवलं. डबा त्यानं आदल्या दिवशीच ठेवला होता. तिथं उभं राहून मोबाईलवर जे आकडे दिसले ते त्यानं आता आईला पाठवले. कुठली खूण नाही, ठिपका नाही, नुसते आकडे आणि मध्ये मोकळी जागा. वहिनींनी ते यंत्रात घातले, मान हलवली आणि चालायला लागल्या. पिवळं जाकीट झाडांत दिसेनासं झालं.

आम्ही गाडीनं वळसा घालून टेकडीवर गेलो. डब्याच्या जागेच्या थोडं वर एक पडकी भिंत आहे, तिच्याआड बसलो. तिथून खालचं तळंही दिसतं. मी थर्मासमधला चहा ओतला. पुतण्यानं घेतला नाही. त्याचा एक हात सारखा खिशाकडे जायचा, तिथं काही नसायचं, आणि तो हात पुन्हा गुडघ्यावर यायचा.

"काकू, फार वेळ झाला."

"अरे, आत्ता तर बसलो."

खरं तर वेळ झालाच होता. एवढ्यात टेकडीच्या पायथ्याशी तरी त्या दिसायला हव्या होत्या. मग पिवळं जाकीट दिसलं. पण टेकडीकडे नाही. तळ्याच्या काठाशी.

"आई पाण्याकडे कशाला गेली?" त्याचा आवाजच बदलला. "तिकडे काही नाहीये! मी तिकडचे आकडे दिलेच नाहीत!"

जाकीट काठावर थांबलं. आणखी एक पाऊल पुढे गेलं. पुतण्या ताडकन उठला. मी त्याचा शर्ट मागून घट्ट पकडला. पडद्यांची जड कापडं उचलून माझ्या हातात बऱ्यापैकी जोर आहे.

"सोड, काकू."

"बस खाली. तू पळत गेलास की परीक्षा संपली. आई हरली असं होईल. थांब आणि बघ."

हे मी म्हणाले, पण माझाही जीव टांगणीला लागला होता. यंत्रानं दगा दिला असेल तर? मीच झाकणावर उभं राहून ते पास केलं होतं की. पाण्यापलीकडून तो पिवळा ठिपका हलेना. मला खिडकीशी उभ्या राहिलेल्या वहिनी आठवल्या.

मग ठिपका मागे सरला. काठापासून लांब जाऊन एका दगडावर बसला. डोकं खाली. बराच वेळ डोकं खाली. नंतर डोकं वर आलं, आणि त्या आमच्या टेकडीकडे बघताहेत हे एवढ्या लांबूनही कळलं. उठल्या. तळ्याला वळसा घातला आणि सरळ, म्हणजे अगदी सरळ, टेकडी चढायला लागल्या. वाटेत एकदाही थांबून यंत्राकडे बघितलं नाही. ते त्यांच्या मुठीत होतं आणि अंगठा आपलं काम करत होता. डोळे पायांकडे होते.

पुतण्या माझ्याशेजारी मटकन बसला. "कशी चालते बघ," तो हळूच म्हणाला. "मी तिला अशी चालताना कधी बघितलंच नाही." खरंच नव्हतं बघितलं. त्यानं आईला नेहमी पडताना पाहिलं होतं, तेही मनातल्या मनात.

आमच्या खाली, मोडून पडलेल्या एका खोडाशी वहिनी थांबल्या. दोन-तीनदा इकडे-तिकडे फिरल्या. मग एका ठिकाणी वाकल्या. तीन दगड एकावर एक होते. नंतर मला म्हणाल्या, दगड पडतात तेव्हा असे पडत नाहीत, असे कुणीतरी ठेवतं. दगड बाजूला केले, हात आत घातला आणि डबा वर काढला.

आम्ही भिंतीआडून बाहेर आलो. पुतण्या जवळजवळ घसरतच खाली गेला. "आई, तू तळ्याकडे कशाला गेलीस?"

"तूच पाठवलंस." त्यांनी यंत्र त्याच्यापुढे धरलं. "अक्षांश-रेखांशात अंश आणि मिनिटांनंतरचा आकडा दोन तऱ्हांनी लिहितात. एक सेकंद, साठपर्यंत. दुसरा दशांश. आम्ही डबेवाले दशांश वापरतो, माझं यंत्रही तेच धरून चाललं. तुझ्या मोबाईलनं दिले सेकंद. त्यामुळे डबा जाऊन पडला पाण्याच्या मधोमध."

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे चूक माझीच."

"हो, तुझीच. तळ्याशी गेले, यंत्र म्हणतंय पुढे जा. नकाशात बघितलं तर ठिपका निळ्यावर. जुन्यात हे कळलंच नसतं, त्यात पाणीही राखाडी न् टेकडीही राखाडी. मग मी बसले आणि विचार केला. यंत्र चुकेल, मी चुकेन. पण माझा मुलगा पाण्यात डबा ठेवणार नाही. पाण्याच्या दहा हातांच्या आत तो उभासुद्धा राहत नाही. म्हणजे चूक आकड्यांत. शेवटचे दोन्ही आकडे साठाच्या आतले, तेव्हा यंत्राला सांगितलं, हे सेकंद धर. ठिपका पाण्यातून उडाला आणि इथं येऊन बसला."

मला हसू आवरेना. परीक्षा त्याची, चूक त्याची, आणि उत्तर काढलं ते त्याच्या भित्रेपणावर विश्वास ठेवून.

"उघड तरी," तो म्हणाला.

वहिनींनी झाकण काढलं. आत सहीचा कागद होता, पेन्सिल होती, आणि गाडीची किल्ली होती.

वहिनी किल्लीकडे बघत राहिल्या. आता मला कळलं त्याचा हात सारखा खिशाकडे का जात होता. किल्ली त्यानं कालच इथं आणून ठेवली होती. म्हणजे आई हरावी असं त्याला वाटत नव्हतं. तिनं शोधून घ्यावी, एवढंच वाटत होतं.

"नसती सापडली तर?" वहिनींनी विचारलं. आवाज जड होता.

"तर ती काढून तुला द्यायला मला रोज इथं यावंसं वाटलं असतं. आणि रोज रडू आलं असतं." तो म्हणाला आणि त्याला खरंच रडू आलं. मोठा दाढीवाला माणूस. वहिनींनी त्याचं डोकं आपल्या पिवळ्या जाकिटावर टेकवून घेतलं आणि थोपटलं.

मग त्यांनी डोळे पुसले, कागदावर सही केली आणि किल्ली उचलली. "नियम आहे," म्हणाल्या. "घेतलं तर ठेवायचं." पाठीवरच्या पिशवीतून त्यांनी जुनं राखाडी यंत्र काढलं. डब्यात काही ते मावलं नाही. म्हणून त्यांनी ते मुलाच्या हातात दिलं. "पुढच्या वेळी डबा मी लपवणार. तू शोधायचास."

"याच्यात पाणी दिसत नाही ना?"

"नाही. पण तुझी आई पाण्यात डबा ठेवणार नाही, एवढं तुला माहीत आहे."

पुढच्या आठवड्यात मी दुकानात एका बाईला तिसऱ्यांदा तेच दोन निळे पडदे दाखवत होते, आणि आश्चर्य म्हणजे अजिबात चिडले नव्हते. फोन वाजला. पुतण्या.

"काकू, आईच्या दारात गाडी नाहीये. ती कुठे गेलीय?"

"माहीत नाही रे. मला सांगून नाही गेली."

पलीकडे तो थांबला. मी वाट बघत राहिले. आता दवाखान्यांचे फोन, आता पोलीस, आता मला दुकान बंद करून पळावं लागणार. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.